दोघींचा कावळा

एकोणसाठ साली, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, मला पाळी आली. मी ताईला सांगितलं. ताई बाहेर बसली.

मी तेव्हा आठवीत होते. ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. लग्न होऊन ती वणीला गेली होती. दोन वर्षांत नवरा तापाने गेला आणि ती परत आमच्याकडे आली. आमचं गाव कळंबपासून दोन कोसांवर. घरी कापूस, ज्वारी आणि तुरीची शेती, एक बैलजोडी, आणि माणसं चार: माय, बाबा, ताई आणि मी. घरापुढे कवेलूंची, म्हणजे कौलांची, सपरी होती. तिचा गोठ्याकडचा कोपरा बाहेर बसणाऱ्या बाईचा. तिथे एक तरट, एक लोटा, एक थाळी. कावळा शिवला की तीन दिवस तिथे बसायचं, चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात यायचं. घरात बाया दोनच, माय आणि ताई. त्यांतही मायचं बसणं संपत आलं होतं. कोपरा जास्त करून ताईचाच होता.

आमच्याकडे मुलीला पहिल्यांदा पाळी आली की ‘पोरगी शहाणी झाली’ म्हणत. शहाणी झाली की शाळा बंद. हे कोणी रागाने म्हणत नसे. पेरणीनंतर डवरणी असते तसं ते होतं. माझ्याबरोबर कळंबच्या शाळेत चालत येणाऱ्या तीन मुली अशा एकेक करून शहाण्या झाल्या होत्या आणि वर्गातून गेल्या होत्या. फुलसावंगीकडचं एक घर मायच्या मनात भरलं होतं. त्यांना विहीर होती, मुलगा एकुलता होता. पोरगी शहाणी झाली की कळवा, असा त्यांचा निरोप होता.

मला शिकायचं होतं. याहून मोठं कारण माझ्याकडे नव्हतं. मला छापलेलं वाचायला आवडायचं. किराण्याच्या पुडीचा कागदही मी उलगडून वाचत असे. त्या दिवशी कडब्याच्या गंजीमागे ताईला सांगताना मला वाटत होतं की आदल्या दिवशी बैलबंडीवरून उडी मारली त्यात आत काहीतरी फाटलं. ताईने ऐकून घेतलं. मायला सांगितलं का, एवढं विचारलं. मी नाही म्हटलं. तिने एकदा शाळेच्या रस्त्याकडे पाहिलं. मग घरात गेली, मायला नेहमीच्या आवाजात सांगितलं की कावळा शिवला, आणि तरट उचलून कोपऱ्यात जाऊन बसली. आताच तर बसली होती, असं माय म्हणाली. 

मी पाण्याच्या घागरीजवळ उभी होते. घागरीला हात लावायची भीती वाटत होती. ताईने मला सपरीच्या खांबाआडून बोलावलं.

“पाणी भर. पोया लाट. शाळेत जाय. मी बसली न बाहेर.”

“पण इटाळ तं माहा हाय, ताई.”

“घराले एक बाई बाहेर बसेल पाह्यजे,” ती म्हणाली. “कोन्ती, थे देव मोजत नाही. तू मॅट्रिक होय. मंग होजो शहाणी.”

तशी आमची रीत पडली. माझी आली की ताई बसायची. तिची आली की तीच बसायची. जुन्या लुगड्याची धडुती ती दोघींची एकदम नाल्यावर नेऊन धुवायची आणि कडब्याआड वाळवायची. कोणी पाहिली तरी ती तिची. महिन्यातून दोनदा बाहेर बसणाऱ्या विधवा लेकीबद्दल गावात कोणी वाईट बोललं नाही. विधवा बाई बाहेर बसते आहे तोवर लोकांना तिची काळजी नसते. न बसली तर असते. हे मला तेव्हा कळत नव्हतं, ताईला कळत होतं.

आम्ही आपसांत त्याला ‘तुयं’ आणि ‘माह्यं’ म्हणायचो. या खेपेचं तुयं का माह्यं? तुयं. बस. एवढंच बोलणं.

भूमितीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी माझ्या तारखा टिंबांनी मांडत असे. मला त्यात नियम शोधायचा होता, कारण नियम सापडला असता तर भीती कमी झाली असती. पण पहिल्या वर्षी एक टिंब त्रेचाळीस दिवसांनी पडलं आणि पुढचं एकोणीस दिवसांनी. मी चंद्र पाहिला. उपास करून पाहिले. तीळ सोडून पाहिले. वर्गात बसल्या बसल्या पोटात कळ आली की मास्तरांचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं. कळ भुकेची आहे की त्याची, हे ओळखता यायचं नाही. वर्गात आता माझ्यासकट मुली तीन. उठून उभं राहायची वेळ आली की मी आधी बाकाकडे बघत असे. जे कोणी आत बसून हुकूम देतं ते कोण आहे हे मला जाणून घ्यायचं होतं. कळलं असतं तर मी त्याला शनिवारची वेळ मागून घेतली असती. त्या दिवशी शाळा अर्धीच असे.

दुसऱ्या वर्षी एका चतुर्थीला मास्तरांनी सगळा वर्ग कळंबच्याच चिंतामणी गणपतीला नेला. ते देऊळ पायऱ्या उतरून खाली जायचं आहे. त्या दिवशी माझं चालू होतं. वर थांबते म्हटलं असतं तर बाकीच्या दोन मुलींनी ओळखलं असतं आणि संध्याकाळच्या आत ते गावात पोचलं असतं. मी उतरले. पायऱ्या ओल्या होत्या. खाली कुंडातलं पाणी स्थिर होतं, आणि मला वाटलं की ते आता हलेल. हललं नाही. मी हात जोडले, पण काही मागितलं नाही. मागायची हिंमत झाली नाही.

घरी येऊन ताईला सांगितलं तेव्हा मी रडत होते. ताई कोपऱ्यातच होती, माझ्यासाठी बसलेली. ती हसली. मोटारीत रुमाल टाकून जागा धरतात तशी तुयी जागा म्या धरून ठेवली हाय, देवाले दिसते थे, असं म्हणाली. मला हसू आलं नाही. काहीतरी होणार, हे माझ्या मनात बसलं ते बसलंच.

मायची काळजी उलटी होती. मी चौदाची झाले, पंधराची झाले, तरी शहाणी होत नव्हते. फुलसावंगीच्या लोकांनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं, आणि मग दुसरीकडे सोयरीक जमवली. माय मला तीळगूळ खाऊ घालायची, अळिवाचे लाडू करायची, ओव्याचा काढा पाजायची. कधी कधी माझी पाळी चालू असताना मी तिच्यासमोर बसून तो काढा प्यायले आहे. तिने चिंतामणीला नवस बोलला: पोरगी शहाणी होऊ दे, पाच नारळांचं तोरण बांधीन. हे ती मला ऐकू येईल असं शेजारच्या काकूंना सांगत होती. तिचा आवाज दबलेला होता. ती मला चांगल्या घरची सून करायला बघत होती आणि मी तिला रोज फसवत होते.

मी अकरावीत गेले, म्हणजे मॅट्रिकच्या वर्षात. त्या दिवाळीनंतर ताई जास्त बसू लागली. कापसाची वेचणी चालू होती. आधी पाच दिवस बसली, मग आठ. चार दिवस घरात यायची, पुन्हा तरटावर. वेचणीला हात कमी पडत होते आणि मायची चिडचिड व्हायची. एका सकाळी पाठीला कापूस भरायची ओटी बांधून शेतात निघताना ती थांबली.

“तुले कावळा शिवते का अंगावर कावळ्याची शाळा भरते वो?”

“भरली तं भरली,” ताई तरटावरून म्हणाली. “एक तरी शाळा घरात भरू दे.”

मायलाही हसू आलं, तोंड फिरवून ती गेली. मीही हसले. मला वाटलं ते असं: परीक्षा जवळ आली आहे, माझ्या तारखांचा भरवसा नाही, म्हणून ताई आधीपासूनच जागा धरून बसते आहे. मायला वाटलं की तिला वेचणीचा कंटाळा आहे. बाबा या गोष्टीकडे बघतच नसत. तीन माणसांनी तीन प्रकारे पाहिलं आणि कोणालाच ती दिसली नाही. मी तर मनातून तिचे आभार मानत होते. सपरीत कंदील टांगून मी अभ्यास करायचे आणि ती कोपऱ्यातून माझं पाठांतर ऐकायची. तिचे ओठ फिकट झाले आहेत हे मला दिसत होतं. ते मी थंडीवर घातलं.

पौषात एका दुपारी मी शाळेतून लवकर आले. ताई नाल्यावर होती. दगडावर धडुती पडली होती. मी मोजली नाहीत, पण ती दोघींची होतील त्याच्याही पुष्कळ वर होती. नाल्याचं पाणी तिच्या पायापासून खाली बराच लांब लाल होत गेलं होतं. ती एक पिळायची, थांबायची, दम घ्यायची, मग दुसरी घ्यायची.

मी म्हटलं, “या महिन्यात माह्यं आलंच नाही, ताई. तू कायले बसली?”

तिने वर पाहिलं नाही.

“हे तुयं नाही. माह्यं हाय.”

मग तिने सांगितलं. दिवाळीपासून थांबतच नव्हतं. मध्ये चार दिवस कमी व्हायचं, मग गोळे पडायचे. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी म्हटलं की मायला सांगू, यवतमाळच्या दवाखान्यात जाऊ. तिने माझा हात धरला. तिचा हात पाण्यामुळे गार होता, असं मला वाटलं.

“दवाखान्यात पयले तारखाच इचारतात. माय संगं राहीन. माय मोजीन. तीन वर्साच्या तारखा निंगाल्या तं तुयी परीक्षा गेली. दोन महिने राह्यले न? दोन महिने कोनी मरत नाही.”

मी हो म्हणाले.

हे वाक्य लिहायला मला फार वर्षं लागली, म्हणून ते वेगळं लिहिते आहे. ती म्हणाली म्हणून मी गप्प राहिले, असं मी लोकांना सांगू शकले असते. पण नाल्यावर क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं होतं, आणि ते मला आठवतं.

त्या दोन महिन्यांत मी रोज शाळेतून येताना गावाच्या वळणापासून सपरीकडे बघत चालायचे. कोपऱ्यात ती दिसली तर काळजी, न दिसली तर त्याहून जास्त. मनात एकच गोष्ट फिरत होती: मी त्या पायऱ्या उतरले होते. माझा विटाळ तिने घेतला होता, तेव्हा शिक्षाही तिच्याकडेच गेली असणार. मी देवाला म्हणायचे की ते माझं होतं, मला दे. पण पुस्तक बंद करून मायकडे गेले नाही.

परीक्षा यवतमाळला झाली. मी बाबांच्या ओळखीच्या एका घरी राहून पेपर दिले. शेवटचा पेपर देऊन घरी आले तेव्हा ताई तरटावर आडवी होती आणि माय तिच्या तोंडाला पाणी लावत होती. बाहेर बसलेल्या बाईला मायने हात लावलेला मी पहिल्यांदा पाहिला. मी दप्तर न काढता, अंगणात उभ्या उभ्या, सगळं सांगितलं. तीन वर्षं, कडब्याआडची धडुती, कोणाचं कोणतं. मी मार खायला तयार होते.  माय म्हणाली, “तू शहाणी हाय तं?” आणि बाबांना बंडी जुंपायला सांगितलं.

कळंबपर्यंत बंडी, तिथून मोटार. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदा तारखाच विचारल्या, ताई म्हणाली होती तसं. मी भूमितीची वही पुढे केली. बाईंनी पान पाहिलं आणि विचारलं, या कोणाच्या? मी म्हटलं, माझ्या. तिच्या कुठे आहेत? तिच्या कोणी लिहिल्या नव्हत्या. बाबांचं रक्त जुळलं, ते दिलं, पण ताप आधीच चढला होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ताई गेली. ती चोवीस वर्षांची होती.

दिवस झाल्यावर माय मला कळंबला घेऊन गेली. बोललं ते फेडावं लागते, एवढंच म्हणाली. आम्ही दोघी पायऱ्या उतरलो आणि तिने पाच नारळांचं तोरण बांधलं, कारण पोरगी शहाणी झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या शिक्षणाबद्दल ती त्यानंतर एक शब्दही बोलली नाही. मी पास झाले. पुढे शिक्षिका झाले.

चार-पाच वर्षांनी त्याच डॉक्टरीणबाई आमच्या शाळेत मुली तपासायला आल्या. शाळा गावाबाहेरच्या एका मातीच्या घरात भरत होती. काम संपल्यावर मी त्यांना ओळख दिली आणि विचारलं ते वेडगळपणाचं होतं: एका बाईने पाप केलं तर दुसरीला रक्त जाऊ शकतं का?

बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेजारच्या भिंतीवर बोट ठेवलं. भिंतीचं सारवण सुकून पापुद्रे सुटले होते.

“हे बघा,” त्या म्हणाल्या. “गर्भाशयाला आतून असं सारवण असतं.”

मग त्यांनी सगळं समजावलं, आणि मी ते वर्गात ऐकावं तसं ऐकलं. बीजकोशातून एक रस रक्तात उतरतो, त्याने हे अस्तर दर महिन्याला जाड होत जातं. मध्यावर बीज सुटतं. बीज सुटल्या जागेतून दुसरा रस पाझरू लागतो. तो अस्तर आणखी वाढवत नाही, ते मऊ करतो, धरून ठेवतो, येणाऱ्या गर्भासाठी तयार ठेवतो. गर्भ राहिला तर रस चालू राहतो. राहिला नाही तर बारा-चौदा दिवसांत ती जागा सुकते आणि दोन्ही रस ओसरतात. तेवढंच होतं. अस्तरातल्या नागमोडी शिरा आवळल्या जातात, वरचा थर उपाशी पडतो, सुटतो, आणि रक्ताबरोबर बाहेर येतो. खालचा थर तसाच राहतो. पुढच्या महिन्यात त्याच्यावरच नवं सारवण चढतं.

मी विचारलं, म्हणजे आतून कोणी हुकूम देतं तेव्हा पाळी येते असं नाही?

“उलट आहे,” त्या म्हणाल्या. “धरून ठेवणारं जातं, तेव्हा येते.”

मी त्यांना माझं त्रेचाळीस आणि एकोणीस दिवसांचं सांगितलं. त्या म्हणाल्या, पहिली दोन वर्षं पुष्कळ मुलींचं असं होतं. बीज दर महिन्याला सुटत नाही, त्यामुळे दुसरा रस येत नाही. अस्तर नुसतं वाढत राहतं आणि स्वतःच्याच भाराने केव्हाही, कसंही ढासळतं. हळूहळू घडी बसते. काही बायकांची बसलेली घडी पुढे मोडते. का मोडते ते आम्हालाही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. मग अस्तर वाढत जातं, इथून तिथून सुटत राहतं, आणि रक्त थांबत नाही. तुमच्या बहिणीचं बहुतेक तेच होतं. तुमचं जे आपोआप सावरलं, तेच तिचं बिघडलं.

मग मी विचारायला नको होतं ते विचारलं. पौषात आणली असती तर?

 बाईंनी खोटं सांगितलं नाही. आतलं अस्तर खरवडून काढतात, रक्त देतात, पुष्कळ बायका घरी जातात, असं म्हणाल्या. त्यांची गाडी आली आणि त्या गेल्या.

त्या दिवशी चिंतामणीच्या पायऱ्यांची भीती माझ्या मनातून गेली. सात वर्षं ती माझ्याजवळ होती. गेली तेव्हा मला त्या भीतीचीच उणीव वाटली. तिच्यामागे नाला होता, आणि नाल्यावर देव नव्हता. तिथे आम्ही दोघीच होतो, आणि मी हो म्हणाले होते. मी घरी जाऊन मायला सारवणाचं सगळं सांगितलं. तिने ऐकलं. ताईचा कोपरा ती अजून सारवत होती, तरट काढून टाकल्यावरही. तिने एवढंच विचारलं, “मंग हे पोरीयले शाळेत काहून सांगत नाही?”

मी शाळेत सांगू लागले. सातवीच्या मुलींना वेगळं बसवून, भिंतीवर बोट ठेवून. दोन बाप तक्रार घेऊन आले, एक मुलगी रडली, एका मुलीने आईच्या तारखा लिहून आणल्या.

माय जाऊन पुष्कळ वर्षं झाली. माझी स्वतःची पाळी जाऊनही वर्षं झाली. घर भावकीतल्यांनी घेतलं, सपरी पाडली. भूमितीची वही माझ्याकडे आहे. शेवटच्या पानावर चौतीस टिंबं आहेत. सगळी माझी आहेत.